एलएचसीचा डेटा आणि जगभर विखुरलेले संगणन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील लार्ज हॅड्रॉन कोलायडर, म्हणजेच एलएचसी, या यंत्राचा डेटा साठवणाऱ्या आणि तपासणाऱ्या जागतिक संगणकजाळ्याविषयी पदव्युत्तर विद्यार्थी, नव्याने रुजू झालेले सिस्टिम अॅडमिनिस्ट्रेटर आणि विज्ञानाचे वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. या जाळ्यातले मुंबईचे केंद्र सीएमएस या एलएचसीवरील प्रयोगाचे असल्यामुळे बहुतेक उदाहरणे त्याच प्रयोगातील आहेत. इतर प्रयोगांची पद्धत जेथे वेगळी आहे, तेथे तसे नमूद केले आहे.

1. इतका डेटा येतो तरी कुठून, आणि तो सगळा साठवतात का?

सगळा साठवत नाहीत. साठवणे शक्यही नाही. 27 किलोमीटर परिघाच्या बोगद्यात प्रोटॉनांचे पुंजके दर 25 नॅनोसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला सुमारे 4 कोटी वेळा, एकमेकांना भिडतात. अशा एका प्रसंगाच्या नोंदीला घटना म्हणतात आणि सीएमएसमध्ये एका घटनेचा कच्चा आकार ढोबळमानाने 1 मेगाबाइट असतो. सगळ्या घटना ठेवायच्या म्हटल्या तर सेकंदाला 40 टेराबाइट लागतील. म्हणून ट्रिगर नावाची दोन टप्प्यांची चाळणी लावलेली असते: पहिला टप्पा खास बनवलेल्या इलेक्ट्रॉनिक्सचा असून तो सेकंदाला सुमारे 1 लाख घटना पुढे सोडतो, आणि दुसरा टप्पा संगणकांवरील सॉफ्टवेअरचा असून तो त्यांतल्या एक ते काही हजार घटना राखतो. बाकीच्या कायमच्या जातात. एलएचसीबी या प्रयोगाने 2022 पासूनच्या सत्रात इलेक्ट्रॉनिक्सचा टप्पाच काढून टाकला आणि सगळी निवड सॉफ्टवेअरवर सोपवली, तर अॅलिस या प्रयोगाने शिशाच्या अणुकेंद्रांच्या टकरी अखंड वाचण्याचा मार्ग धरला. डेटाच्या व्यवस्थापनाचा पहिला निर्णय अशा रीतीने डेटा तयार होताक्षणीच घेतला जातो, आणि तो टाकून देण्याचा असतो. (टाकलेल्या घटनांबाबतच्या अपवादांसाठी प्रश्न 16 पाहावा.)

2. सगळे संगणक सर्नमध्येच का ठेवले नाहीत?

याला तांत्रिक कारणाइतकेच पैशाचे आणि माणसांचेही कारण आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी या गणिताचा विचार सुरू झाला, तेव्हा लागणारी वीज, जागा आणि यंत्रे एका प्रयोगशाळेच्या आवाक्यात नव्हती. शिवाय सहभागी देशांची सरकारे आपला निधी आपल्याच देशात, आपल्या विद्यापीठांतील यंत्रांवर आणि मनुष्यबळावर खर्च करण्यास अधिक राजी होती. संगणकशक्ती जिथे पैसा आहे तिथेच उभी करायची आणि जाळ्याने जोडायची, या विचारातून आज वर्ल्डवाइड एलएचसी कम्प्युटिंग ग्रिड या नावाने ओळखली जाणारी व्यवस्था आकाराला आली. आज चाळीसहून अधिक देशांतील सुमारे 170 केंद्रे तिच्यात आहेत. ही वाटणी कारभाराला जड असली तरी तिच्यामुळे देशोदेशी अनुभवी माणसे तयार झाली, हा लाभ हिशेबात क्वचितच धरला जातो.

3. पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म आहे. तसा एक मोठा महासंगणक घेतला तर हे काम भागणार नाही का?

काही भाग भागेल. हवामानाच्या गणितात शेजारच्या चौकोनाचे उत्तर कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही, म्हणून हजारो प्रोसेसर अतिशय जलद अंतर्गत जाळ्याने बांधावे लागतात, आणि महासंगणकाची किंमत बरीचशी त्या बांधणीत जाते. टकरींच्या बाबतीत एका घटनेचे विश्लेषण दुसऱ्या घटनेवर अवलंबून नसते. दहा लाख घटना हजार साध्या संगणकांवर वाटल्या, तरी त्यांना आपसात काही बोलावे लागत नाही. येथे एका गणिताच्या वेगापेक्षा वर्षभरात किती गणिते पार पडली याला मोल आहे, आणि अडते ते सहसा प्रोसेसरपाशी नसून डेटा पोहोचवण्यापाशी असते. महासंगणक आता कृत्रिम घटना तयार करण्यासाठी, म्हणजे सिम्युलेशनसाठी, वापरले जातात. परंतु त्यांतील अनेकांच्या आतल्या यंत्रांना बाहेरचे इंटरनेट बंद असते, त्यामुळे प्रश्न 7 मध्ये सांगितलेली सॉफ्टवेअर पोहोचवण्याची नेहमीची पद्धत तेथे जशीच्या तशी चालत नाही.

4. टियर-0, टियर-1, टियर-2 ही काय भानगड आहे?

ही कामाची विभागणी आहे. टियर-0 म्हणजे सर्न: तेथे कच्चा डेटा टेपवर जातो आणि त्याची पहिली उजळणी, म्हणजे कच्च्या संकेतांवरून कणांचा माग काढण्याचे काम, होते. टियर-1 ही डझनभर मोठी केंद्रे असून कच्च्या डेटाची दुसरी प्रत त्यांच्यात वाटून ठेवलेली असते. सीएमएससाठी अमेरिकेतील फर्मीलॅब, इटलीतील सीएनएएफ, जर्मनीतील कार्ल्सरूह, स्पेनमधील पीआयसी ही त्यांतली काही. टियर-2 केंद्रांवर डिस्क आणि प्रोसेसर असतात, कायमस्वरूपी टेप ठेवण्याची जबाबदारी नसते. सिम्युलेशन आणि संशोधकांचे विश्लेषण मुख्यतः तेथे चालते. सुरुवातीच्या आराखड्यात डेटा वरून खाली, ठरलेल्या फांद्यांनीच उतरणार होता. जाळे अपेक्षेपेक्षा पुष्कळ वेगवान निघाले आणि आज कोणतेही केंद्र कोणत्याही केंद्राकडून थेट डेटा घेते. हुद्दे राहिले, उतरंड बरीचशी गेली.

5. भारतात, आणि महाराष्ट्रात, यातले काय आहे?

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, सीएमएसचे टियर-2 केंद्र आहे आणि कोलकात्यात व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटर, म्हणजे व्हीईसीसी, येथे अॅलिसचे. भारतात टियर-1 केंद्र नाही. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील अभियंत्यांनी ग्रिडच्या उभारणीच्या काळात तिच्यावर देखरेख ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचे काम केले. ग्रिडव्ह्यू हे त्यांतले एक. केंद्रांना जोडणारी देशांतर्गत वाहिनी नॅशनल नॉलेज नेटवर्कची आहे. भारत 2017 पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे, मात्र ग्रिडमधील सहभाग त्यापूर्वीचा आहे.

6. मी पाठवलेला जॉब नेमका कुठे धावतो, हे कोण ठरवते?

जॉब म्हणजे ग्रिडवर चालवायला दिलेले काम. सीएमएसमध्ये वापरकर्ता क्रॅब नावाच्या साधनाला आपला प्रोग्रॅम आणि हव्या त्या डेटासेटचे नाव देतो. ते काम तुकड्यांत तोडले जाते आणि तुकडे एका जागतिक रांगेत उभे राहतात. त्याच वेळी निरनिराळ्या केंद्रांवर पायलट नावाचे रिकामे जॉब पाठवलेले असतात. पायलट आधी मशीनवर जागा धरतो, डिस्क, मेमरी आणि सॉफ्टवेअर ठीक आहे का ते तपासतो आणि मगच मध्यवर्ती रांगेकडे खरे काम मागतो. पंगतीत आधी पान मांडून माणूस बसतो आणि मग वाढप सुरू होते, तसेच हे. बिघडलेल्या मशीनवर पायलट पडतो, तुमचा जॉब नाही, हा या रचनेचा मोठा फायदा आहे. जागा ठरवताना डेटाची प्रत कुठे आहे हे प्रथम पाहिले जाते, कारण काही मेगाबाइटांचा प्रोग्रॅम हलवणे हे काही टेराबाइटांचा डेटा हलवण्यापेक्षा केव्हाही स्वस्त असते. अॅटलास या एलएचसीवरील दुसऱ्या प्रयोगात हेच काम पांडा आणि एलएचसीबीमध्ये डिरॅक ही साधने करतात.

7. प्रत्येक केंद्रावर सॉफ्टवेअर कोण बसवतो?

कोणीही बसवत नाही. सीव्हीएमएफएस ही केवळ वाचता येणारी फाइलप्रणाली प्रत्येक मशीनवर जोडलेली असते. एखादी फाइल उघडली गेली की तेवढीच एचटीटीपीने खाली उतरते आणि वाटेतल्या स्क्विड सर्व्हरवर तिची प्रत राहते. जॉब सुरू व्हायला अकारण वेळ लागत असेल, तर केंद्रचालकाने इतर काही उपसण्याआधी आपला स्क्विड तपासावा.

8. पासवर्ड पुरेसा नाही का? सर्टिफिकेटची कटकट कशासाठी?

तुमचा जॉब तुम्ही झोपलेले असताना दुसऱ्या देशातील मशीनवर धावतो, तुमच्या नावाने फाइल वाचतो आणि लिहितो. तुमचा पासवर्ड त्या मशीनला देणे धोक्याचे, आणि 170 केंद्रांवर तुमचे खाते उघडणे अशक्य. म्हणून एक्स.509 सर्टिफिकेटवरून, म्हणजे ओळख पटवणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्रावरून, थोड्या मुदतीची प्रॉक्सी, म्हणजे तात्पुरते ओळखपत्र, तयार केली जाते, तिच्यात तुम्ही कोणत्या प्रयोगाचे सदस्य आहात याचा शिक्का असतो, आणि केंद्र त्या शिक्क्यावर विश्वास ठेवते. प्रॉक्सीची नेहमीची मुदत 12 तास असते. भारतातील संशोधकांना सर्टिफिकेट देणारी यंत्रणा सी-डॅकने उभारली.

विद्यार्थ्यांचे अडखळणे बहुधा दोन ठिकाणी होते. सर्टिफिकेटसोबतच्या खासगी किल्लीच्या फाइलची परवानगी 400, म्हणजे फक्त मालकाला वाचता येईल अशी, केलेली नसते, त्यामुळे साधन ती वाचण्यास नकार देते. हा नकार तुमच्या हिताचा आहे. दुसरे म्हणजे मशीनचे घड्याळ काही मिनिटे मागे असते आणि नुकतीच काढलेली प्रॉक्सी तिला अजून लागू न झालेली वाटते. सध्या ग्रिड सर्टिफिकेटांकडून टोकनांकडे सरकत आहे. टोकनात व्यक्ती कोण यापेक्षा तिला काय करण्याची मुभा आहे हे लिहिलेले असते, म्हणजे एखादे टोकन चोरीला गेले तरी नुकसान मर्यादित राहते.

9. कोणती फाइल कुठे आहे याची नोंद कोण ठेवतो?

आमच्या मते या सगळ्या पसाऱ्यातला सर्वांत कठीण भाग हाच आहे. प्रोसेसर विकत घेता येतात. विश्वासार्ह नोंदवही विकत मिळत नाही. अॅटलासने तयार केलेली रुसिओ ही प्रणाली 2014 च्या अखेरीपासून वापरात आहे, आणि सीएमएसने आपली जुनी प्रणाली बाजूला ठेवून 2020 मध्ये तीच स्वीकारली. जपानच्या बेल-2 या प्रयोगानेही तिचा स्वीकार केला आहे.

रुसिओत फाइल, फाइलींचा डेटासेट आणि डेटासेटांचा कंटेनर अशा तीन पायऱ्या आहेत. वापरकर्ता फाइल हलवा अशी आज्ञा देत नाही. तो नियम लिहितो. उदाहरणार्थ, या डेटासेटच्या दोन प्रती टियर-1 केंद्रांच्या डिस्कवर सहा महिने असाव्यात. कोणती दोन केंद्रे निवडायची, कुठून प्रत काढायची, वाहतूक अडली तर पुन्हा कधी प्रयत्न करायचा हे प्रणाली पाहते, आणि प्रत्यक्ष वाहतूक एफटीएस ही सेवा करते. नियम पूर्ण झाला की त्याची स्थिती ओके दिसते, प्रती निघत असतील तर रेप्लिकेटिंग, आणि वारंवार अपयश आले तर स्टक. स्टक दिसताच नवा नियम लिहिण्याची घाई करू नये. त्याने अडलेल्या केंद्राच्या रांगेत आणखी भर पडते. मूळ केंद्राच्या देखभालीची सूचना आधी वाचावी.

10. मी नियम काढला, मुदतही संपली, तरी फाइल डिस्कवर दिसते. हा दोष नाही का?

नाही. एखाद्या प्रतीवर एकही नियम उरला नाही की ती पुसण्यास पात्र होते, लगेच पुसली जातेच असे नाही. बहुतेक केंद्रांवर डिस्क भरू लागेपर्यंत अशा प्रती तशाच राहू दिल्या जातात, कारण कोणीतरी तीच फाइल पुन्हा मागण्याची शक्यता असते आणि रिकामी डिस्क कोणाच्याच कामाची नाही. मात्र अशा प्रतीच्या भरवशावर प्रबंधाचे काम आखू नये. नियम नाही म्हणजे हमी नाही. याउलट, दुसऱ्या कोणाचा नियम त्याच फाइलवर असेल तर तुमचा नियम काढूनही ती जागची हलत नाही, आणि ती जागा त्या दुसऱ्याच्या कोट्यात मोजली जाते.

11. नोंदीत फाइल आहे, पण केंद्रावर सापडत नाही. हे कसे होते?

नोंदवही आणि डिस्क या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्यांच्यात फारकत होतेच: डिस्क सर्व्हर जळतो, पुसण्याची आज्ञा अर्धवट पार पडते, एखादा केंद्रचालक जुनी डिरेक्टरी हाताने साफ करतो. नोंद आहे पण फाइल नाही, तिला हरवलेली फाइल म्हणतात; फाइल आहे पण नोंद नाही, तिला अंधारातला डेटा म्हणतात. केंद्रे ठरावीक काळाने आपल्या साठ्याची पूर्ण यादी काढतात आणि ती नोंदवहीशी ताडून पाहिली जाते. यादी काढायला वेळ लागतो आणि तेवढ्यात नवीन फाइली येतात व जुन्या जातात, म्हणून यादीच्या आधीची आणि नंतरची अशा नोंदवहीच्या दोन प्रतींशी तुलना करावी लागते. ही काळजी न घेतल्यास नुकतीच आलेली चांगली फाइल अंधारातली समजून पुसली जाऊ शकते. हरवलेल्या फाइलची दुसरी प्रत असेल तर ती आपोआप भरून काढली जाते. नसेल तर प्रश्न 18 पाहावा.

12. एकविसाव्या शतकात टेप कशाला? आणि टेपवरचा डेटा मागून दोन दिवस झाले. तो हरवला का?

टेप वाचली जात नसताना वीज खात नाही, वर्षानुवर्षे टिकते, आणि नेटवर्कवरून कोणी चुकीची आज्ञा दिली तरी कपाटातली टेप क्षणात कोरी होत नाही. एलटीओ या प्रकारच्या नवव्या पिढीतील एका टेपवर 18 टेराबाइट मावतात. सर्नमध्ये डिस्कचा साठा इओएस या प्रणालीवर असून 2023 मध्ये त्याने 1 एक्झाबाइटचा टप्पा ओलांडला. टेपचा कारभार सीटीए ही प्रणाली पाहते.

दोन दिवस ही चिंतेची बाब नाही. मागणी आली की यांत्रिक हात टेप काढतो, ड्राइव्हमध्ये बसवतो, आणि ड्राइव्ह ती शेकडो मीटर गुंडाळत योग्य जागी नेतो. हे प्रत्येक फाइलसाठी वेगळे केले तर ड्राइव्हचा बहुतेक वेळ गुंडाळण्यातच जाईल, म्हणून प्रणाली एकाच टेपवरील मागण्या साठवून एकदम वाचते. याच कारणाने लहान लहान फाइली टेपवर पाठवू नयेत; त्या आधी जोडून काही गिगाबाइटांच्या कराव्यात. जॉबमधून टेपवरची फाइल थेट उघडण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. आधी डिस्कवर आणण्याचा नियम लिहावा आणि तो ओके झाल्यावर जॉब पाठवावेत.

13. एक्सरूटडीने दूरच्या केंद्रातली फाइल सरळ वाचता येते, मग प्रती काढण्याचा खटाटोप कशाला?

एक्सरूटडी हे जाळ्यावरून फाइल वाचण्याचे सॉफ्टवेअर आहे. सीएमएसमध्ये अशी सोय आहे आणि ती उपयुक्त आहे: जॉब जवळच्या रिडायरेक्टरला विचारतो, तो फाइल कुठे आहे ते शोधून देतो, आणि वाचन सुरू होते. थोड्या घटना तपासून पाहण्यासाठी किंवा स्थानिक प्रत अचानक नाहीशी झाल्यास हा उत्तम मार्ग आहे. परंतु मुंबई ते जिनिव्हा अशा अंतरावर प्रत्येक मागणी-उत्तराच्या फेरीत वेळ जातो, आणि प्रोग्रॅम फाइलमध्ये पुढे-मागे उड्या मारत वाचत असेल तर प्रोसेसर बराच काळ नुसता वाट पाहत बसतो. तोच डेटा अनेकदा वाचायचा असेल तर प्रत काढणेच योग्य.

14. वाटेत फाइल बिघडली तर कळते का?

कळते. प्रत्येक फाइलचा आकार आणि अॅडलर-32 चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा अंक, नोंदवहीत असतो आणि वाहतुकीनंतर तो पडताळला जातो. जुळला नाही तर प्रत टाकून दिली जाते. हा चेकसम अपघाती बिघाड ओळखण्यासाठी आहे, हेतुपुरस्सर फेरफार पकडण्यासाठी नाही.

15. विश्लेषणासाठी मला कच्चा डेटा मिळेल का?

मिळेल, पण बहुधा तो लागणार नाही. कच्ची घटना 1 मेगाबाइटची असते. तीच मिनीएओडी या संक्षिप्त स्वरूपात काही दहा किलोबाइट आणि नॅनोएओडी या त्याहून संक्षिप्त स्वरूपात एक-दोन किलोबाइट होते. बहुसंख्य विश्लेषणांना नॅनोएओडी पुरते. प्रयोगाचे सदस्य नसलेल्यांसाठी सर्नचे ओपन डेटा पोर्टल 2014 पासून खुले आहे; तेथील सीएमएसचा डेटा सर्टिफिकेटशिवाय घेता येतो, आणि महाविद्यालयीन प्रकल्पासाठी तो पुरेसा आहे.

16. ट्रिगरने टाकलेली घटना कोणत्याच मार्गाने परत मिळत नाही का?

टाकलेली मिळत नाही. परंतु टाकणे आणि पूर्ण ठेवणे यांच्या मध्ये सीएमएसने दोन वाटा काढल्या आहेत. स्काउटिंगमध्ये कच्चा डेटा सोडून दिला जातो आणि ट्रिगरच्या संगणकांनी घाईत काढलेला निष्कर्षच, काही किलोबाइटांचा, ठेवला जातो. त्यामुळे कितीतरी अधिक घटना नोंदवता येतात, मात्र त्यांची उजळणी पुढे कधीच करता येत नाही. पार्किंगमध्ये याच्या उलट होते: कच्चा डेटा टेपवर जातो, पण त्यावर प्रक्रिया करायला तेव्हा संगणक मोकळे नसतात, म्हणून ते काम यंत्र बंद असण्याच्या काळावर ढकलले जाते. 2018 मध्ये बी-क्वार्क हा मूलकण असलेल्या सुमारे 1,000 कोटी घटना सीएमएसने अशाच बाजूला ठेवल्या. नव्याने येणारे विद्यार्थी या दोहोंची गल्लत करतात आणि स्काउटिंगच्या डेटासेटमध्ये कच्ची माहिती शोधत बसतात.

17. एखादे केंद्रच बंद पडले तर काय होते?

9 नोव्हेंबर 2017 रोजी पहाटे इटलीतील बोलोन्या येथे रस्त्याखालची पाण्याची मोठी वाहिनी फुटली आणि सीएनएएफ या टियर-1 केंद्रात पाणी शिरले. विजेची यंत्रणा बंद पडली आणि टेप-कपाटातील सर्वांत खालच्या रांगांतल्या शंभराहून अधिक टेप भिजल्या. केंद्र महिनोन्‌महिने पूर्ववत नव्हते. एलएचसीचे काम या काळात इतर केंद्रांकडे वळवले गेले, आणि तेथील कच्च्या डेटाची दुसरी प्रत सर्नमध्ये असल्यामुळे भिजलेली टेप म्हणजे गमावलेला डेटा असे समीकरण नव्हते. शिवाय भिजलेल्या टेप वाळवून त्यांतील बराचसा मजकूर वाचताही आला. ज्या छोट्या प्रयोगाची एकमेव प्रत एकाच इमारतीत असते, त्याच्यावर हीच वेळ आली तर काय होईल, याचा विचार आपल्याकडील प्रयोगशाळांनीही करावा. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडियासारख्या प्रकल्पाला तो टाळता येणार नाही.

नियोजित देखभालीसाठी केंद्र बंद असेल तर ते आधी जाहीर करते, नवे जॉब तिकडे जात नाहीत, आणि तेथील प्रती तात्पुरत्या अनुपलब्ध मानल्या जातात, हरवलेल्या नव्हे.

18. चुकून पुसलेला डेटा परत आणता येतो का?

हे तो कोणत्या जातीचा आहे यावर अवलंबून आहे. कच्च्या डेटाच्या दोन टेपप्रती कायमच्या नियमांनी बांधलेल्या असतात आणि त्या काढण्याचा अधिकार सामान्य वापरकर्त्याला नसतो. मिनीएओडी किंवा नॅनोएओडी गेले तर ते वरच्या पायरीवरून पुन्हा बनवता येते. पैसा आणि काही आठवडे जातात, माहिती जात नाही. सिम्युलेशनही पुन्हा करता येते, पण वेगळ्या यादृच्छिक अंकांनी केले तर घटना त्याच नसतील, म्हणून प्रकाशित निकालामागचे सिम्युलेशन पुसण्यापूर्वी दोनदा विचारावे लागते.

खरा धोका आहे तो वापरकर्त्याच्या स्वतःच्या फाइलींना: विश्लेषणाच्या मधल्या टप्प्यावरचे निकाल, जे टियर-2 वरील वैयक्तिक जागेत एकाच प्रतीत पडलेले असतात. त्यांना टेपवरची प्रत नसते, बहुतेक ठिकाणी बॅकअपही नसतो, आणि डिस्क सर्व्हर गेला तर केंद्रचालक फक्त गेलेल्या फाइलींची यादी देऊ शकतो. त्या फाइली ज्या प्रोग्रॅमने तयार केल्या त्याची नेमकी आवृत्ती, मूळ डेटासेटचे नाव आणि वापरलेले कॅलिब्रेशन गिट या आवृत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या साधनात लिहून ठेवलेले असेल, तर त्या पुन्हा निर्माण करता येतात. ते लिहिलेले नसेल, तर केंद्राकडे पाठवलेल्या तक्रारीचा उपयोग होणार नाही.